कचऱ्याच्या गाडीला उशीर का होतो : एक प्रबंध

प्रकरण पहिले : प्रस्तावना (चौथा मसुदा)

पन्नाशी उलटलेल्या माणसाने काहीतरी नवीन करायला घ्यावं, ही तैवानातल्या ताइनान शहराची रीतच आहे. कुणी सायकलवरून सगळ्या बेटाला प्रदक्षिणा घालतो आणि परतल्यावर वर्षभर लंगडतो. कुणी सॅक्सोफोन विकत घेतो, मग त्याचे शेजारी घर विकायला काढतात. लाय चिन-शुंग यांनी डेटा सायन्समधलं मास्टर्स करायला घेतलं. शनिवारी विद्यापीठात जायचं, एरवी विमा कंपनीत बसून लोकांच्या तक्रारी ऐकायच्या. ‘निदान याचा आवाज तरी होत नाही,’ असं त्यांची बायको मेई-चू तेव्हा म्हणाली होती. हे वाक्य तिने नंतर मागे घेतलं.

वर्गातले विषय कसेबसे पार पडले. घोडं अडलं ते प्रबंधाशी. विद्यापीठाने दिलेली सगळी वर्षं संपत आली होती. जुलै संपायच्या आत प्रबंध जमा झाला तर पदवी, नाही झाला तर नाव कमी. मध्ये काही नाही. लाय यांनी आयुष्यभर लोकांना ‘मध्ये काही नाही’ असंच सांगितलं होतं, पण ते विम्याच्या बाबतीत. स्वतःवर आल्यावर त्यांना तो नियम फार निष्ठुर वाटला.

त्यांच्या मार्गदर्शक, हो आडनावाच्या प्राध्यापिका, चौतिशीच्या होत्या. लाय त्यांना मॅडम म्हणत, त्या लाय यांना लायसाहेब म्हणत, आणि दोघांनाही ते अवघड जाई. म्हणूनच की काय, मॅडम फोनवर शब्दांत उत्तर देत नसत, चित्र पाठवत. एक ससा होता. लाय यांनी ‘शेअर बाजाराचं भाकीत’ हा विषय सुचवला तेव्हा ससा रडत आला. ‘भूकंपाचं भाकीत’ सुचवल्यावर ससा पालथा पडलेला आला. एवढं समजायला डेटा सायन्स लागत नाही.

विषय मिळाला तो कोपऱ्यावर.

संध्याकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते, गल्लीच्या तोंडाशी थांबते, आणि ज्याने त्याने आपली पिशवी आपल्या हाताने तिच्या पोटात टाकायची. पिशवी जमिनीवर ठेवून निघून जाणाऱ्याला गल्ली सात पिढ्या विसरत नाही. त्यामुळे गाडी येईपर्यंत सगळी गल्ली पिशव्या धरून उभी, आणि उभ्या माणसांना एकमेकांच्या भानगडीत लक्ष घालण्यापलीकडे काम नाही.

“काय रे आ-शुंग, झाला का प्रबंध?” वेई काकू विचारत. लाय चिन-शुंग गल्लीसाठी आ-शुंगच. या निवृत्त शाळामास्तरीणबाई. निवृत्ती शाळेपुरतीच.

“चालू आहे, काकू.”

“माझ्या भाच्याचा सहा महिन्यांत झाला.”

“त्याचा विषय वेगळा होता.”

“विषय काही का असेना. तो बसायचा. तू रोज उभाच दिसतोस.”

“कचरा टाकायला उभा आहे मी!”

“तेच म्हणते.”

रोज हे असं. आणि गाडी रोज उशिरा. कधी थोडा उशीर, कधी बराच, आणि त्या उशिरात वेई काकूंचा भाचा रोज नव्याने मास्टर्स होत असे. एका संध्याकाळी पिशवीतून माशाच्या रश्श्याचं पाणी बुटावर ठिबकत असताना लाय यांच्या डोक्यात प्रकाश पडला: हा उशीरच मोजायचा! गाडी नक्की कधी येईल हे आधी सांगता आलं, तर माणसाने वेई काकूंशेजारी उभं राहण्याची गरज काय?

त्यांनी मॅडमना लिहिलं. ससा आला. त्याने अंगठा वर केला होता, किंवा हातात गाजर धरलं होतं. लाय यांनी फोन लांब नेऊन पाहिला, जवळ आणून पाहिला, मेई-चूचा चष्मा लावून पाहिला.

“गाजर आहे,” मेई-चू म्हणाली.

लाय यांनी तो अंगठा धरला आणि कामाला लागले.

प्रकरण दुसरे : पूर्वसंशोधनाचा आढावा

आपल्याआधी या विषयावर कोणी काय म्हटलंय ते प्रबंधात द्यावं लागतं. ग्रंथालयात काही मिळालं नाही. कोपऱ्यावर सगळं मिळालं.

ड्रायव्हर आधीच्या चौकात चहा घेतो, अर्धी साखर, बिनबर्फाचा (वेई काकू, पिशवी डाव्या हातात). तो चहा घेत नाही, लाल दिवा फार वेळ राहतो, याबद्दल मी वरपर्यंत पत्र लिहिलेलं आहे आणि उत्तरही आलेलं आहे, मात्र ते दुसऱ्याच दिव्याबद्दल आहे (वस्तीप्रमुख थांग, हात जोडून, कारण वर्षअखेरीस निवडणूक). गाडी वेळेवरच येते, तुम्ही लोक गप्पा मारायला लवकर जाऊन उभे राहता (मेई-चू, घरातून, मोठ्याने).

हे शेवटचं मत सर्वांत धोक्याचं होतं. ते खरं निघालं असतं तर संशोधनाला काही उरलंच नसतं. लाय यांनी ते आढाव्यातून गाळलं. मोठमोठे लोक असंच करतात, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

प्रकरण तिसरे : माहिती कशी मिळवली

मिळाली नाही.

प्रकरण तिसरे (सुधारित)

मॅडमचा शेरा आला की एवढ्याने भागणार नाही. म्हणून सविस्तर.

गाडी रोज कुठल्या कोपऱ्यावर किती वाजता पोचते, ही नोंद स्वच्छता खात्याकडे असणार. लाय अर्ज घेऊन गेले. बरोबर स्वतःच्या नावाचा शिक्काही नेला, कारण शिक्क्याशिवाय आपल्याकडे माणूस अर्धाच.

खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, “हा तुमचा शिक्का झाला. विभागाचा हवा.”

विद्यापीठात विभागाचा शिक्का एका कपाटात होता. कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे होती त्या बाई बाळंतपणाच्या रजेवर. लाय तिळाच्या तेलात शिजवलेलं कोंबडीचं सूप घेऊन त्यांच्या घरी गेले, बाळाचं कौतुक केलं, बाळ कोणासारखं दिसतं यावर सासू आणि सून या दोघींशी दोन निरनिराळ्या वेळी सहमत झाले, आणि किल्ली घेऊन आले. शिक्का उमटला. अर्ज गेला. यथावकाश उत्तर आलं. कागद उत्तम होता, भाषा अदबीची होती: आपण मागितलेली माहिती उपलब्ध नाही, कारण आमच्या गाड्यांना उशीर होत नाही.

लाय यांनी ते पत्र तीनदा वाचलं. तक्रार विभागात इतकी वर्षं काढून इतकं सुंदर वाक्य त्यांना कधी सुचलं नव्हतं.

मग त्यांनी ठरवलं, गाडी गाणं वाजवत येते ना? मग कानाने मोजू. सज्ज्यातल्या ऑर्किडच्या कुंडीत त्यांनी एक छोटा मायक्रोफोन रोवला. तो रोज संध्याकाळचे सगळे आवाज टिपून ठेवी आणि मॅडमकडेही पाठवी. स्कूटर, कुत्री, कुणाचा तरी सॅक्सोफोन, आणि यातच कुठेतरी गाडीचं गाणं. ते गाणं ओळखायला संगणकातल्या मॉडेलला शिकवायचं. पण शिकवायचं म्हणजे आधी माणसाने सगळं ऐकायचं आणि ‘हे गाणं, हे कुत्रं, हा सॅक्सोफोन, हे पुन्हा कुत्रं, नाही, सॅक्सोफोनच’ अशा खुणा करायच्या.

लाय यांना कमी ऐकू येतं. हे ते मान्य करत नाहीत, म्हणून त्यांनी मोठा स्पीकर आणला. दिवस उकाड्याचे, सज्ज्याचं दार उघडं. वार रविवार.

रविवारी कचऱ्याची गाडी येत नाही, हे गल्लीतल्या कुत्र्यांनाही ठाऊक आहे. पण गाणं कानावर पडलं की पाय डोक्याला विचारायला थांबत नाहीत. लाय यांनी बटण दाबलं आणि गल्लीतली दारं धडाधड उघडली. वेई काकू केसांना चाप लावलेल्या अवस्थेत दोन पिशव्या घेऊन धावल्या. समोरचे एक गृहस्थ डोक्यावर शाम्पूचा फेस घेऊन आले. वस्तीप्रमुख थांग यांच्या हातात पुठ्ठ्यांचा गठ्ठा होता आणि तोंडात अर्धा डंपलिंग.

लाय यांनी खूण करायला आवाज थांबवला. खाली सगळे गोंधळले. गाडी कुठाय? पुन्हा बटण दाबलं. आवाज गल्लीच्या भिंतींवर आपटून भलतीकडूनच ऐकू येई, म्हणून सगळे दुसऱ्या टोकाला धावले. पुन्हा थांबवला. पुन्हा लावला. शाम्पूवाले गृहस्थ तिसऱ्या फेरीला घसरले.

मग खाली एकदम शांतता झाली. कामात गढलेल्या लाय यांना ती शांतता जाणवायला वेळ लागला. त्यांनी सज्ज्यातून डोकावलं, तर सगळी गल्ली पिशव्यांसह वर बघत होती.

“आ-शुंग,” वेई काकू म्हणाल्या, “हे काय चाललंय?”

“प्रबंध, काकू.”

“तुझा प्रबंध आम्ही धावायचा?”

“चुकून झालं. मी यंत्राला शिकवत होतो.”

“यंत्र शिकलं का?”

“अजून नाही.”

“माझा भाचा,” काकू पिशवी खांद्यावर घेत म्हणाल्या, “कानाला यंत्र लावून अभ्यास करायचा. गल्लीला नाही.”

मेई-चूने त्याच दिवशी ते आवाज न होण्याबद्दलचं वाक्य मागे घेतलं.

एक तळटीप, जी वर आली

याच सुमाराला संगणक अडकला. रात्रंदिवस गणितं करणाऱ्या यंत्राच्या डोक्यावर खोबऱ्याच्या चवीच्या कुरकुऱ्यांचा हिरवा पुडा ठेवला की ते शहाण्यासारखं वागतं, हे इथे बँकेपासून दवाखान्यापर्यंत सगळे मानतात. पुडा हिरवाच हवा. लाय विज्ञानाचे विद्यार्थी, त्यांनी ठेवला नाही. संगणक अडकला. त्यांनी ठेवला. संगणक चालू लागला. लाय यांना याचा इतका राग आला की रागाच्या भरात त्यांनी पुडा फोडून कुरकुरे खाल्ले.

“खाल्लेस?” मेई-चू दारातच थबकली. “मशीनवरचे?”

“भूक लागली होती.”

“देवापुढचं फळ उचलून खाणारा माणूस आणि तू, यात फरक काय रे?”

तीन आठवड्यांचं काम गेलं. याचा पुड्याशी काही संबंध नाही, हे लाय आजही कोणालाही पटवून द्यायला तयार आहेत. कोणी ऐकायला तयार नाही.

प्रकरण चौथे : निष्पत्ती

रविवारच्या प्रकाराचा परिणाम सोमवारी दिसला. खरी गाडी आली, खरं गाणं वाजलं, आणि निम्मी गल्ली घरात बसून राहिली. “आ-शुंगचा अभ्यास चाललाय,” असं म्हणून लोकांनी दूरदर्शन संचाचा आवाज वाढवला. गाडी गेली. कचरा राहिला. उकाड्याचे दिवस, त्यात कोलंबीची सालं. दुसऱ्या दिवशी गल्लीत कोणी कोणाशी नाकाने श्वास घेऊन बोललं नाही.

वस्तीप्रमुख थांग हे भांडण मिटवण्यात वाकबगार, म्हणजे नवं भांडण काढून जुनं विसरायला लावण्यात. त्यांनी कोपऱ्यावर गाडी थांबवून ड्रायव्हरला समजावलं.

“काओ, काल माणसं आली नाहीत म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. आमचे लायसाहेब तुझ्यावर प्रबंध लिहितायत.”

ड्रायव्हर काओ गाडी चालवण्यापेक्षा मिरवण्याच्या पवित्र्यात बसणारा माणूस होता. त्याने मान बाहेर काढली. “माझ्यावर?”

“तुझ्या उशिरावर.”

“माझ्या काय?”

“मास्टर्सचा आहे,” थांग कौतुकाने म्हणाले. “साधासुधा नाही.”

काओने लाय यांच्याकडे पाहिलं. लाय यांनी पिशवीमागे तोंड लपवलं. गाडी निघून गेली.

त्यानंतर काओ एकदाही उशिरा आला नाही.

वाचकहो, याचा अर्थ नीट लक्षात घ्या. लाय यांच्या मॉडेलने महिनोन्महिने उशीर खाल्ला होता. उशीर हाच त्याचा घास. ते रोज सांगे, आज आठ मिनिटं उशीर, आज अकरा, आज पाऊस आहे तर चौदा. आणि गाडी रोज ठरल्या मिनिटाला दारात. आलेख बघून मॅडमनी ससा पाठवला. तो घरंगळत होता. आडातच उशीर नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

त्यातून गल्लीला उशिराची सवय. माणसं जिना उतरेपर्यंत गाडी पसार. वेई काकू दोनदा चपला हातात घेऊन धावल्या आणि दोन्ही वेळा पिशवीसकट परतल्या.

“पूर्वी किती बरं होतं,” त्या लाय यांच्या दाराशी येऊन म्हणाल्या. “माणूस उशिरा यायचा, पण यायचा. तुला मोजायला कोणी सांगितलं होतं?”

लाय अखेर काओला भेटले. गाडी थांबते तेवढ्या वेळातच बोलायला मिळतं, त्यामुळे विनवणी सुटसुटीत हवी.

“काओसाहेब, जरा पूर्वीसारखे या ना.”

“पूर्वीसारखा म्हणजे?”

“म्हणजे... निवांत.”

“लेखी द्या. ‘उशिरा या’ म्हणून. खाली सही, शिक्का.”

“तसं नव्हे हो—”

“मी कधी उशिरा येतच नव्हतो. आमच्या खात्याने तुम्हाला कळवलंय ना?” काओने काच वर केली. काचेआडून गाणं सुरू झालं.

आता या सगळ्यात आणखी भर नको होती. पण थांग यांनी ती घातली. एका सकाळी बरोबर त्याच कोपऱ्यावर, जिथे गाडी थांबते आणि गल्ली उभी राहते, एक लालभडक कापड फडकलं. वर सोनेरी अक्षरांत: आमच्या वस्तीचे भूषण लाय चिन-शुंग यांना मास्टर्स पदवी मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. खाली थांग यांचं नाव, जरा मोठ्या अक्षरांत.

“अहो, परीक्षा व्हायचीय अजून!” लाय यांचा आवाज चिरकला.

“होईलच की.”

“नापास झालो तर?”

“छापणाऱ्याला याच आठवड्यात सवड होती,” थांग म्हणाले, जणू त्याने सगळा प्रश्न सुटला. “आणि पुढच्या महिन्यात भुतांचा महिना लागतो, तेव्हा शुभ काही लावता येत नाही. विचार करूनच केलंय मी.”

दुपारपर्यंत त्या कापडाचा फोटो ऑफिसात पोचला, संध्याकाळी कॅनडातल्या मेहुण्याकडे. साहेबांनी पाठ थोपटली. मेहुण्याने नाचणारं अस्वल पाठवलं. लाय यांना त्या रात्री जेवण गेलं नाही. नुसतं नाव कमी होणं एक वेळ माणूस गुपचूप सोसतो. सोनेरी अक्षरांखाली रोज कचरा घेऊन उभं राहणं कसं सोसायचं?

प्रकरण पाचवे : तोंडी परीक्षा

परीक्षा जुलैच्या शेवटून दुसऱ्या दिवशी ठरली, कारण दोन परीक्षकांपैकी तैपेईच्या प्राध्यापक ल्यांग यांना त्याआधी वेळ नव्हता. लाय कोट घालून त्यांना आणायला द्रुतगती रेल्वेच्या स्टेशनवर गेले. अननसाचे केक आणले होते, जेवणाचे डबे सांगितले होते, चहा प्रत्येकाच्या आवडीचा. ल्यांग यांना बिनसाखरेचा, कोमट. चहा चुकला तर प्रबंधही चुकीचा वाटू लागतो, असं सगळे विद्यार्थी सांगतात.

ल्यांग सत्तरीच्या घरातले, शांत. त्यांनी तीन केक खाल्ले आणि पहिली काही पानं वाचून विचारलं, “तुमचं मॉडेल जूनपर्यंत बरोबर आहे. जुलैमध्ये सगळंच्या सगळं चूक. का?”

मॅडमनी लाय यांच्याकडे पाहिलं. इथे काय बोलायचं हे त्यांनी पढवलं होतं: ‘माहितीच्या वितरणात बदल झाला.’ लाय यांनी तोंड उघडलं, आणि वर्षभर साठलेलं सगळं बाहेर आलं.

“कारण ड्रायव्हरला राग आला, सर! आमच्या वस्तीप्रमुखांनी त्याला सांगितलं की मी त्याचा उशीर मोजतोय, आणि तेव्हापासून तो माणूस घड्याळ होऊन बसलाय! मी हात जोडले, उशिरा या म्हणालो, तर लेखी मागतो! शेजारीण मला शिव्या देते, बायको मला कुरकुऱ्यांवरून बोलते, कोपऱ्यावर माझ्या नावाचं लाल कापड लावलंय, आणि तुम्ही मला विचारता का? मला काय माहीत का!”

मॅडमनी डोळे मिटले.

“आमच्याकडे,” ल्यांग हळूच म्हणाले, “गाडी पाच मिनिटं आधी येते. बायकोला रोज धावावं लागतं. काय करावं?”

“कोणीतरी तिच्यावर प्रबंध लिहायला हवा,” दुसरे परीक्षक म्हणाले.

यानंतर बराच वेळ परीक्षा झालीच नाही. दोन्ही परीक्षक आपापल्या गल्लीतल्या गाड्यांची गाऱ्हाणी एकमेकांना सांगत बसले. एकाच्या सासूने चालत्या गाडीत नेम धरून पिशवी कशी टाकली इथपर्यंत मजल गेली. लाय चहा ओतत राहिले. शेवटी ल्यांग यांनी हात पुसले.

“मोजायला लागलं की माणूस बदलतो, हे तुम्ही फार चांगलं दाखवलंत. प्रबंधाचं नाव बदला, हेच मध्यभागी आणा. पास.”

लाय यांनी केकचा सगळा खोका ल्यांग यांच्यापुढे सरकवला.

“फक्त एक. या ड्रायव्हरची संमती घेतली आहे ना?”

“संमती? सर, हे गाडीवरचं संशोधन आहे.”

“गाडी रागावत नाही, लायसाहेब. तुमची रागावली. म्हणजे हे माणसावरचं संशोधन झालं.” ल्यांग यांनी पेनाचं टोपण परत लावलं. “खरं तर आधी घ्यायची असते. पण त्याला सगळं माहीत आहे, तेव्हा त्याने आता सही दिली तरी मी मानीन. सही आणा, मी सही करतो. मी उद्या दुपारपर्यंत ताइनानमध्येच आहे, इथलं ईल माशाचं सूप चांगलं असतं.”

उद्या जुलैचा शेवटचा दिवस.

परिशिष्ट

आपल्या कोपऱ्यावर, त्या कापडाखाली, सगळ्या गल्लीदेखत काओच्या विनवण्या करायच्या? लाय यांनी ठरवलं, त्याच संध्याकाळी गाडीला आधीच गाठायचं. देवळाजवळ तिचा पहिला थांबा. तिथे ते कोट, टाय आणि संमतीपत्र घेऊन उभे राहिले. हात रिकामे बघून लोक त्यांच्याकडे संशयाने पाहू लागले. कचरा नसलेला माणूस तिथे काय करतोय?

गाडी ठरल्या मिनिटाला आली.

“सही?” काओ म्हणाला. “वाचल्याशिवाय मी सही करत नाही. आणि गाडी चालवताना वाचत नाही.” गाडी सुटली.

लाय धावले. दुसऱ्या थांब्यावर त्यांनी धापा टाकत परिच्छेद वाचून दाखवले. तिसऱ्यावर काओने विचारलं, “यात माझं नाव कुठाय?”

“नाव गुप्त राहील.”

“गुप्त का? मी काय चोर आहे?”

“नियम आहे. तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून.”

“मग काय लिहिणार?”

“‘ड्रायव्हर क’.”

काओने गाणं बंद केलं. गाडीही बंद केली. मागे उभा असलेला कामगार पुढे आला, पिशव्या घेतलेली माणसं भोवती जमली.

“माझ्या आईने माझं नाव ‘ड्रायव्हर क’ ठेवलेलं नाही,” काओ म्हणाला. “आयुष्यात एकदा कोणीतरी माझ्यावर पुस्तक लिहितंय, आणि त्यात मी नाहीच?”

“बरोबर बोलतोय,” एक आजी म्हणाल्या. “नाव घाला त्याचं.”

“नाव घातलं तर संशोधन रद्द होतं, आजी!”

“नाही घातलं तर सही रद्द,” काओ म्हणाला. “बोला.”

वाद वाढला. कामगाराचं म्हणणं, मग आमचंही नाव हवं, पिशव्या आम्ही दाबतो. कोणी म्हणालं आडनाव घाला, कोणी म्हणालं नुसतं चित्र काढा. लाय यांचा कोट घामाने पाठीला चिकटला होता. आणि तिथेच, दमून गाडीच्या पायरीवर बसल्यावर, त्यांना आभाराचं पान आठवलं. आपल्याकडे प्रबंधाचं तेवढं एकच पान लोक खरोखर वाचतात.

“आभारात घालतो,” ते म्हणाले. “पूर्ण नाव. कशाबद्दल आभार, ते लिहीत नाही. मग कोणाला कळणार?”

काओने विचार केला. “पहिलं?”

“पहिलं बायकोचं.”

“ते बरोबर आहे. दुसरं?”

“आमच्या मॅडमचं.”

“मॅडमनी गाडी चालवली का?”

या मुद्द्यावर तोडगा निघेना, म्हणून काओने त्यांना शेजारी बसवून घेतलं आणि वाटाघाटी पुढच्या थांब्यांवर चालू राहिल्या. प्रत्येक थांब्यावर माणसं शिव्या देत पिशव्या टाकत, मग कारण कळल्यावर खिडकीशी येऊन मत देत. शेवटी काओला दुसरं स्थान मिळालं. मॅडम तिसऱ्या. काओने संमतीपत्र गाडीच्या दारावर टेकवून सही केली, शाई पसरू नये म्हणून फुंकर घातली, आणि वळण घेऊन गाडी लाय यांच्या गल्लीच्या तोंडाशी आणली.

गल्ली जुलैभर धावून शहाणी झाली होती. ठरल्या मिनिटाला सगळे कोपऱ्यावर आले होते, आणि तेव्हापासून उभे होते. पिशव्यांखाली छोटी तळी साचली होती. शाम्पूवाले गृहस्थ पिशवी मांडीवर घेऊन पायरीवर पेंगत होते. गाडीचं दार उघडलं आणि कोट-टायमधले लाय खाली उतरले.

मग वेई काकू पुढे झाल्या.

“आ-शुंग. आज गाडीला इतका उशीर का झाला?”

लाय यांनी संमतीपत्र छातीशी धरलं. “काकू, मी पास झालो.”

“ते विचारलं नाही मी.”

दुसऱ्या दिवशी ईलचं सूप पिऊन ल्यांग यांनी सही केली, आणि जमा करण्याच्या खिडकीवर रांगेत उभे असताना लाय यांना मॅडमचा ससा नव्हे, चक्क फोन आला. आवाजात कुतूहल होतं. “लायसाहेब, कालच्या संध्याकाळची नोंद कुंडीतल्या मायक्रोफोनने पाठवलीय. सगळ्या वर्षातला सर्वांत मोठा उशीर आहे. तो शेवटच्या तक्त्यात घातलाच पाहिजे. कारणाचा रकाना तेवढा रिकामा आहे, भरून टाका.”

रांगेत दोनच माणसं पुढे होती. लाय यांनी संगणक उभ्या उभ्या हातावरच उघडला. आधी ‘लाल दिवा’ लिहिलं आणि खोडलं. ‘पाऊस’ लिहिलं, पण काल पाऊस नव्हता. खिडकीवरच्या बाईंनी त्यांचं नाव पुकारलं, तेव्हा त्यांनी त्या रकान्यात एकच शब्द लिहिला आणि प्रबंध जमा केला.

‘संशोधक.’